वळणावरची जागा

“अन् पोरीकडं कोण पाहीन?” किसनरावांनी विचारलं.

अक्षयनं भाकर मोडली. “माय आहे ना घरी. कडी तर बाहेरून लावलेलीच आहे.”

आतल्या कोठीत भिंतीला टेकून सुरभी हे सगळं ऐकत होती. तिची स्वतःची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरली होती. भाव वर येईना म्हणून त्या साली नेरच्या आसपास घरोघरी कापूस असाच पडून होता. कोठीला खिडकी नव्हती. कापसाची कूस तिथंही उडत यायची आणि अंगाला खाज सुटायची. खाजवून खाजवून तिच्या दंडांवर चट्टे उठले होते.

पोलीस भरतीत तिचं नाव लागलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत नागपूरला ट्रेनिंगला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या पोरीला जाणार होती. “आमच्या घरची पोर चौकात डंडा घेऊन उभी राह्यणार नाई,” असं म्हणून किसनरावांनी सोमवारचा साखरपुडा ठरवून टाकला. अक्षयही बापाच्याच बाजूनं उभा राहिला. बहिणीच्या हातातला मोबाइल त्यानं हिसकून घेतला. कोठीच्या दाराला कडी नव्हती, तीही त्यानंच बसवली. दाराबाहेर बाज टाकून तो रात्री तिथंच झोपू लागला.

तेव्हापासून सुरभी त्याच्याशी बोलली नव्हती.

“बाबा, अशी गाड्यांची रॅली आपल्या जिल्ह्यात परत केव्हा येईन सांगता येते का?” बाहेर अक्षय सांगत होता. “कच्च्या रस्त्यानं जिप्स्या शंभरच्या स्पीडनं जातात. शनिवारी लोहाऱ्याले गाड्या तपासून राह्यले, त्या जवळून पाहू. अन् रविवारी घाटंजीच्या पुढं, जंगलात. मी जागा पाहून आलो. नाल्याजवळ वळण आहे, तिथं हरेक गाडीले ब्रेक माराच लागते. वर मोहाचं झाड. तुमच्यासाठी खुर्ची घेऊ.”

किसनरावांचा जीव गाड्यांत होता. तरुणपणी त्यांनी लिलावातली जुनी जीप घरी आणून, सगळी खोलून, स्वतःच्या हातांनी जोडली होती. आजही ती जीप ते दुसऱ्या कोणाला सहसा चालवू देत नसत. पण आठवडाभर ते अंगणाबाहेर पडले नव्हते.

“नको. सोमवार होऊन जाऊ दे,” ते म्हणाले.

“सोमवारी रॅली निघून गेली राह्यते, बाबा.”

शनिवारी ते जरा नाखुशीनंच लोहाऱ्याला गेले. परत आल्यावर चपला न काढता आधी कोठीपाशी गेले आणि कडी काढून आत डोकावले. सुरभी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिची माय वच्छलाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

“काही म्हणत होती का?”

“काय म्हणीन?” वच्छलाबाईंनी मान वर केली नाही. “जेवली अन् झोपली.”

“हट्ट सोडला वाटते,” किसनराव म्हणाले. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले आणि ब्रेकबद्दल, टायरांबद्दल अक्षयशी बोलत राहिले. कोठीत सुरभीनं कानांवर हात दाबले.

रविवारी बापलेक तांबडं फुटतानाच निघाले. वच्छलाबाईंनी पुऱ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली. जंगलाच्या तोंडाशी, वळणाकडं जाणारी गाडवाट रॅलीचा रस्ता ओलांडते तिथं, वाटेवर आडवा दोर लावायची तयारी चालली होती.

“गाडी इथंच बाहेर ठेवू,” किसनराव म्हणाले.

“इथून नुसती धूळ दिसन, बाबा. आतमंधी नेऊ.”

जीप वळणापर्यंत गेली आणि मागं दोर ताणला गेला. थोड्या वेळानं पहिली गाडी गरजत आली. वळणावर तिचं मागचं अंग सरकलं, खडे उडाले, आणि किसनराव खुर्चीतून उठून उभेच राहिले. “पाह्यलं का? पाह्यलं का गिअर कसा टाकला!” ते टाळ्या वाजवत होते. बापाला इतकं हसताना अक्षयनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

अजून नीट दिसावं म्हणून किसनराव मागच्या टेकाडावर चढले. तिथं रेंज आली आणि खिशातला मोबाइल वाजला. नेरहून शेजारचे भगवानराव बोलत होते.

“किसनराव, तुमची सुरभी बॅग घेऊन नागपूरच्या बसमंधी बसली. मी हाका मारल्या, पण तिनं पाह्यलंच नाई. बस आताच सुटली.”

फोन कटला आणि परत लागेना. किसनराव टेकाडावरून घसरतच खाली आले.

“जीप काढ! पोरगी पळाली. बस यवतमाळवरून जाते, तिथं गाठू तिले.”

“पण कडी?” अक्षयचा चेहरा पडला. “मायनं चहा द्याले उघडली असन.”

त्यानं जीप त्याच गाडवाटेनं धडधडत दोरापाशी आणली. नारिंगी जाकीट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला रामसिंग रॅलीतर्फे तिथं उभा होता. त्यानं हात आडवा केला.

“शेवटची गाडी गेल्याशिवाय रस्ता उघडत नाई, काका.”

“दादा, घरी मोठी अडचण झाली,” अक्षयनं खाली उतरून हात जोडले. “जाऊ द्या आम्हाले.”

“समोरून गाडी आली तं मरान ना!”

किसनरावांनी दोराला हात घातला. रामसिंगनं तो घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात दोरापलीकडून धुळीचा लोट उठवत एक जिप्सी गेली आणि तिघंही मागं सरकले. किसनराव मटकन जीपच्या पायरीवर बसले.

“असा माणूस कोंडून ठेवता का रे?” त्यांचा आवाज फाटला. “आधी सांगाचं तरी होतं, एकदा आत गेलो का बाहेर निघता येत नाई म्हणून!”

“सांगितलं नाई कसं, काका?” रामसिंगनं अक्षयकडं बोट दाखवलं. “या भाऊनं तर त्या दिवशी येऊन स्वतःच खात्री करून घेतली, का माह्या बापानं कितीही हातपाय जोडले, तरी सोडणार नाई ना म्हणून.”