काडेपेटीतल्या माशा

नवसू मलेरियावाल्यांच्या टोळीबरोबर कान्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर घराघरांत डीडीटी फवारायचा. त्याच्या लेकीनं काचेच्या बरणीत हात जोडून बसणारा हिरवा किडा पाळला होता. त्याला जिवंत माशा लागत, आणि त्या काही तिच्या हाती येत नसत. म्हणून नवसू फवारलेल्या भिंतींखाली फडफडत पडलेल्या माशा काडेपेटीत घालून घरी आणू लागला. “तुज्या औशदानं मांजर मेलं माजं,” असं एखादी म्हातारी म्हणाली, की तो हसून सांगायचा, “वय झालं आसंल त्याचं, मावशी.” एका संध्याकाळी तो परतला, तर किडा पाय आखडून पडलेला. “बा, मीच मारलं त्याला,” लेक हुंदके देत म्हणाली. “काल बरणीत पानी शिंपडाया इसरले. तू तर रोज माशा आनत व्हतास.” नवसूला तिच्याकडं बघवेना. “वय झालं आसंल त्याचं,” तो पुटपुटला. खिशातली काडेपेटी अजून गुणगुणत होती.