येसराची आमटी

सुलेखानं तिसऱ्यांदा बेत बदलला. पनीर नको, कचरूमामांना ते रबर वाटतं. मटण नको, त्यांच्या तोंडात दात उरलेत चार, तेही एकमेकांना भेटत नाहीत. कवळी आहे, पण ती पिशवीत असते. त्यांच्या बायकोला, चंपाबाईंना, साखर आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. असल्या म्हाताऱ्या पाहुण्यांना साधं पण झकास काय करावं, या एका प्रश्नानं सकाळपासून तिच्या डोक्याचा पार भुगा केला होता. मग माहेरच्या येसराचा डबा आठवला आणि ती मोठ्यानं म्हणाली, "जमलं!"

भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं ते पीठ आईनं दळून दिलेलं. पाण्यात कालवायचं, फोडणीत सोडायचं, उकळी आणायची की झाली आमटी. ज्वारीची पातळ भाकरी त्यात चुरली की दातांचं कामच नाही. सोबत औरंगपुऱ्यातून आणलेल्या वांग्यांचं भरीत. शेवटी गव्हाची खीर, चंपाबाईंची वाटी गूळ घालण्याआधीच बाजूला काढलेली.

जेवण झकास व्हायलाच हवं होतं. मसाल्याच्या डब्याखाली घडी घालून पत्र ठेवलं होतं. वाळूजच्या एका कारखान्यात तिची नेमणूक झाली होती. सोमवारी सकाळी सहाला नगर नाक्यावर कंपनीची बस. पण सासूबाई गेल्यापासून छावणीतल्या या घरात बाईमाणूस ती एकटीच. सासरे, सांडूमामा, सरळ नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "शनिवारी दादा येतोय. दादा व्हय म्हणला तर माझं काही म्हणणं नाय." दादा म्हणजे कचरूमामा, सासऱ्यांचे मोठे भाऊ, घराण्यात सगळ्यांत थोरले. नवऱ्यानं, इंद्रजीतनं, वर धीर दिला होता. "तू फक्त असं जेवण कर, की थोरले बाबा खूश झाले पाहिजेत. विषय मी काढतो."

दिवेलागणीला पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. म्हाताऱ्यांना लवकर जेवायची सवय, म्हणून पुरुषांची ताटं लगेच मांडली. चंपाबाई स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खुर्चीवर टेकल्या. "आधी त्यांचं होऊ दे बाई," म्हणाल्या.

कचरूमामांनी भाकरी चुरली, वर आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दारात उभ्या सुलेखाचा जीव टांगणीला लागला.

"अगं पोरी!" मामा म्हणाले. "लई वर्षांनी गं! आमच्या लग्नात असली आमटी होती."

तीनदा वाटी भरून झाली. सुलेखाला इतका आनंद झाला, की सोमवारची बस तिला दारातच येऊन थांबल्यासारखी वाटली. तिनं इंद्रजीतकडं पाहिलं. त्यानं घसा खाकरला. पण तेवढ्यात मामाच बोलले.

"सांडू, हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढल्या आठवड्यात. एक झाला की दुसरा. दोन-अडीच महिने शहरातच मुक्काम. बेगमपुऱ्यात भाच्याकडं राहणार होतो. पण आता ठरलं, तुझ्याकडंच! असली सून सोडून कोण जातंय?"

"हे काय विचारणं झालं, दादा? घर तुमचंच हाय." सांडूमामांची छाती वीतभर फुगली.

"मामा, मला सोमवारपासून..." सुलेखा म्हणाली.

"सोमवारपासून कशाला? उद्यापासूनच कर की!"

सगळे हसले. इंद्रजीतही हसला. मग वाटी पुढं करून म्हणाला, "मला पण वाढ थोडी." विषय काढणारा शूर तो हाच!

मामांनीही रिकामी वाटी पुढं सरकवली. दोघांच्या वाट्या घेऊन ती आत आली. घ्या, आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! आईचं येसर, आपली सुगरणगिरी, सकाळपासूनची उरस्फोड, आणि शेवटी काय, तर अडीच महिन्यांचा मुक्काम. बस काय अडीच महिने थांबते? तिला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता. तिनं मामांची वाटी भरली, मिठाचा डबा उघडला आणि काठोकाठ भरलेला एक चमचा त्यात ओतला. ढवळलं. खुर्चीवरून चंपाबाई पांढुरक्या डोळ्यांनी तिच्याकडंच पाहत होत्या. त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

सुलेखानं वाटी नेऊन ठेवली. मामांनी भुरका मारला आणि थांबले. सांडूमामांचा हात ताटातच राहिला.

"खारट," मामा म्हणाले.

ती तिथंच थांबली. आता म्हणा, मामा. म्हणा, की हिच्या हाताला चव नाही. म्हणा, की बेगमपुराच बरा.

"तळाची असंल," मामांनी वाटीत पाणी ओतलं आणि बोटानं ढवळलं. "असू दे, असू दे. चुकतं एखाद्या वेळी. आता रोज करशील, तर हात बसंल."

ती आत आली. ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. बाहेर पुन्हा भुरके सुरू झाले होते.

"किती टाकलंस?" चंपाबाईंनी हळूच विचारलं.

"एक चमचा," सुलेखा म्हणाली.

चंपाबाईंनी चाचपडत तिचा हात धरला.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी," त्या म्हणाल्या, "मी दोन टाकले होते."