दिवेलागण

“मुलगी आईला साफ विसरलीये, साहेब,” नवऱ्याच्या वकिलाने ठासून सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी नवरा जुईला घेऊन सुरतला निघून गेला, तेव्हापासून हर्षदा नाशिकहून तिथल्या कोर्टात खेटे घालत होती. सहा वर्षांची जुई आज बापाचं बोट धरून मुकाट उभी होती.

अंधारून आलं म्हणून शिपायाने दिवा लावला. मायलेकींनी एकाच वेळी हात जोडले.

“हे कुणी शिकवलं गं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“आईने. सुरतची आजी रोज बाबांच्या नकळत फोन लावून देते. आई तिकडे दिवा लावते, मी इकडे.”

बापाने चमकून जुईकडे पाहिलं.

“मुलगी आईकडे राहील,” न्यायाधीश म्हणाले. “उद्यापासून दोघींत एकच दिवा लावा.”

बापाकडे न बघता जुईने आईकडे धूम ठोकली.