शेवटची खुर्ची

“चार टक्के वाढ? अहो, पलीकडे बेल्जियममध्ये कालच एक टक्क्यावर मिटलं!” कंपनीच्या क्लासन साहेबांनी फाइल बंद केली.

जर्मनीतल्या आखेनच्या पंप कारखान्यात पगारवाढीची बैठक चालली होती. कंपनीचा दुसरा कारखाना सरहद्दीपलीकडे, मोटारीने अर्ध्या तासावर. पूर्वी इथे मार्क होता, तिथे फ्रँक. आता दोन्हीकडे युरो, आपलं चलन उतरवून माल स्वस्त करायची सोय गेली. माल स्वस्त करायचा तर कामगाराच्या ताटातलंच काढायचं. तिकडे खरंच एक टक्का घेतला असेल, तर इथलं काम तिकडे जायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून तर दोन्ही कारखान्यांच्या युनियननी एक रीत पाडली होती. एकीच्या वाटाघाटीत दुसरीचं एक माणूस शेवटच्या खुर्चीत बसायचं. अट शाळेतलीच, हाताची घडी, तोंडावर बोट. पाहुणा एक शब्द बोलला, की कंपनी बैठक मोडायला मोकळी.

आजची पाहुणी करड्या केसांची होती. येताना सगळ्यांसाठी घरची तांदळाची मिठाई घेऊन आली होती. सकाळी इथल्या युनियनचा डिटमार तिची ओळख करून द्यायला लागला, तर नवे क्लासन साहेब “बरं, बरं” म्हणत पुढे गेले होते.

डिटमारशेजारी बसलेल्या युनियनच्याच गेर्डाने आपली मिठाईची बशी दूर सारली. “विकलं की रे हिने आपल्याला!” ती डिटमारच्या कानात म्हणाली. “सकाळी आपल्यात बसून कॉफी प्यायली, पण चकार शब्द काढला नाही. आता दीडवर मिटव, नाहीतर तेलही जाईल नि तूपही.”

डिटमारने शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं. पाहुणीचे गाल लालबुंद झाले होते. ओठ घट्ट मिटलेले.

“एक टक्का कबूल केला कोणी, साहेब?” त्याने विचारलं.

“त्यांच्या पुढारी, ओडील लाम्बेर्त. फार समजूतदार बाई! काल मी स्वतः हात मिळवला त्यांच्याशी.”

शेवटच्या खुर्चीतली हाताची घडी सुटली. पाहुणी उठली, टेबलाला वळसा घालून साहेबांसमोर आली, आणि अवाक्षर न काढता तिने उजवा हात पुढे केला.

गेर्डाने बशी परत ओढून घेतली.

“साहेब,” डिटमार म्हणाला, “ओडीलबाईंना इथे बोलायची मनाई आहे, हात मिळवायची नाही. कालचा राहिलाय, तेवढा मिळवून टाका.”