कुटुंबप्रमुखाची सही

दप्तरखान्यातल्या मागणीचिठ्ठ्या ऊनाने भरल्या.

"तूच लिही, मास्तरीणबाई. माझं अक्षर फक्त आमच्या कोंबड्यांना लागतं," तिचा भाऊ फर्गस म्हणाला.

थोड्या वेळाने दोन तक्ते टेबलावर आले: आईच्या वडिलांच्या घराची १९०१ची शिरगणती आणि १९११ची.

आईचे हात गेल्या हिवाळ्यापासून आपोआप उडत होते. डब्लिनच्या डॉक्टरांनी सांगितले होते की, हा आजार रक्तातून उतरतो, पण रक्त तपासून अजून तरी कळत नाही. आजोबांना होता का, ते शोधा. असला, तर तुम्हा दोघांनाही निम्मी शक्यता. आजोबांविषयी आई एकच वाक्य बोले: दारू पिऊन गाडीवरून पडले. फर्गसचे लग्न सप्टेंबरात होते.

"खोल्या तीन, खिडक्या दोन, डुकरांचा गोठा एक," फर्गस तिच्या खांद्यावरून वाचत होता. "आणि ही पणजी बघ! दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारी झाली."

"मधल्या काळात सत्तरीला पेन्शन सुरू झालं होतं ना. अख्ख्या गावाने तेच केलं."

"म्हणजे आपलीच माणसं!"

शेवटच्या रकान्यात आंधळा, मुका, वेडा, जे असेल ते लिहायचे होते. दोन्ही वर्षी तो कोरा.

"ठणठणीत होते की आजोबा! सुटलो."

ऊना रसायनशास्त्र शिकवीत असे. ज्या घराने वय खोटे सांगितले, त्याने आजार खरा सांगितला असेल, असे मानायला तिला आधार दिसेना. कोणी न सांगता कागदावर उतरलेले काही आहे का, ते ती शोधू लागली.

तळाशी कुटुंबप्रमुखाची सही होती. १९०१ साली 'कॉर्नेलियस हॅरिंग्टन', शाळेत घोटून घेतलेल्या वळणाने. १९११ साली नाव शिरगणतीला आलेल्या पोलीस शिपायाच्या अक्षरात, आणि शेजारी सहीऐवजी एक फुली. तिची एक रेघ चौकट ओलांडून समासापर्यंत गेली होती. शिक्षणाच्या रकान्यात दोन्ही वर्षी तेच: लिहिता-वाचता येते.

फर्गस त्या फुलीवर वाकला.

"हात मोडला असेल."

"असेल."

"नाहीतर प्यायलेले असतील."

"गावही तेच म्हणायचं," ऊना म्हणाली.

बाहेर पडताना दारावरच्या माणसाने सहीची वही पुढे सरकवली. ऊनाने सही केली आणि पेन भावापुढे धरले.

"माझीही तूच कर."

"फर्गस."

"नाहीतर फुली मार," तो हसत म्हणाला.

हात त्याने खिशातून काढले नाहीत. कोटाची कड मात्र हलत होती.