निवेदकांची यादी

प्रबंधाची शेवटची पाच पानं उरली होती. संदर्भसूची. मेहकरच्या त्या टायपिंग क्लासात दुपारी शिकायला कोणी नसे, म्हणून सिंधूताई असलं किचकट काम तेव्हाच काढी. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. ग्रंथाच्या नावाखाली रेघ. शेवटी गाव आणि साल. प्रबंध कॉलेजातल्या भाऊराव सरांचा; त्यांनी हे तिला दोनदा समजावून सांगितलं होतं. एक स्वल्पविराम राहिला तरी ते अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावत, कार्बनच्या प्रतींसकट.

ग्रंथ संपले, मासिकं संपली. खाली सरांच्या अक्षरात मथळा होता, 'निवेदक'. कोजागिरीला बायकांनी मिळून म्हणायची भुलाबाईची गाणी ज्यांच्या तोंडून सरांनी उतरून घेतली होती, त्या बायकांची नावं. पहिलंच नाव तिनं नेहमीच्या वेगात टाइप केलं, आणि मग तिची बोटं थांबली.

'इंगळे, तानुबाई निवृत्ती, बीबी, वय ५८ (मयत).'

तानुबाई तिची आई.

संक्रांतीला ती माहेरी जाऊन आली होती, तेव्हा आई चांगली होती. आता फाल्गुन लागला होता. सर त्या भागात सारखे फिरत. त्यांना कळलं असेल. आपल्याला सांगायला निघालेला माणूस पोचला नसेल. सरांच्या अक्षरातलं यादीचं पान तिनं पिशवीत कोंबलं, क्लासाला कुलूप घातलं आणि समोर लागलेली बीबीची गाडी धरली.

गाडीत बीबीचे अर्जुनराव होते. "माहेरी का?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, तेव्हा तिची खात्रीच पटली. खरं काय ते विचारायला तिची जीभ उचलली नाही.

घरासमोर माणसं नव्हती. अंगणात तानुबाई सुपात करडी पाखडत बसली होती.

"अशी अवचित काऊन आली वं? जवाई बरे हायेत ना?"

सिंधूताई उंबऱ्यापर्यंतही गेली नाही. तिथंच मातीत बसली, आईचं मनगट धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही. शेवटी पिशवीतलं पान काढून तिनं ती ओळ वाचून दाखवली. तानुबाईचं सूप हातातच राहिलं.

"मले तं यंदा बुखारही नाही आला," ती म्हणाली. "गाडीत रडली का?"

"नाही. रडूच आलं नाही."

"अजून कोनाचं नाव हाये त्याच्यात?"

सिंधूताई वाचू लागली. सत्यभामाबाई, मयत. आशाबाई, मयत. कलाबाई, मयत. मनकर्णाबाई, मयत. भिंतीपलीकडे मनकर्णाबाई गोवऱ्या थापत होती, तिचा आवाज येत होता. गेल्या कोजागिरीला याच अंगणात अकरा जणी सरांपुढे बसून गायल्या होत्या. यादीत अकराच्या अकरा होत्या.

"साऱ्याच?" तानुबाईनं विचारलं.

"साऱ्याच."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघी मेहकरला आल्या. दहा वाजता सर पानं न्यायला आले. मशीनमधलं अर्धवट पान वाकून पाहत त्यांनी बोट ठेवलं. "इथं बीबीच्या आधी स्वल्पविराम ठळक उठला नाही."

"सर, या बायका मयत कधी झाल्या?"

सर हसले. "विद्यापीठाचा नवा नियम आहे. निवेदक हयात असेल तर त्याची सही नाही तर अंगठा जोडावा लागतो. मयताचा लागत नाही. सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. अकरा अंगठ्यांसाठी मी बीबीला कधी जाऊ? आणि तुम्हीच सांगा, ही यादी तिथं कोण वाचणार आहे?"

सिंधूताईनं बाकावर बसलेल्या आईकडे हात केला. "ही तानुबाई. माझी आई."

सरांनी वळून पाहिलं. कोजागिरीला हिच्याच हातचं दूध ते प्यायले होते. त्यांनी नमस्कारासाठी हात उचलले, ते जुळले नाहीत. मानेवरून रुमाल फिरवत ते उभे राहिले.

सिंधूताईनं मशीनमधून पान ओढून काढलं, कार्बनसकट, आणि त्यांच्यापुढे धरलं. "हे मी टाइप करणार नाही. दुसरीकडून करून घ्या."

"अहो, असं काय करता?" सर हळू आवाजात म्हणाले. "मला माहीत नव्हतं. यांच्यापुरतं खोडा ना. एवढा एक शब्द खोडा, अंगठा आत्ताच घेऊ. बाकीचं राहू द्या."

"काय म्हनते थो?" तानुबाईनं विचारलं.

"तुझ्यापुढचं मयत खोडू म्हणतात. तुझ्या एकटीपुढचं."

तानुबाई उठली. टेबलाजवळ येऊन त्या पानाकडे बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"मंग माहंही राहू दे," ती म्हणाली. "मी एकटी जित्ती राहून भुलाबाई कोनासंगं म्हनू?"