वेंडेलचं लॉगिन

एकेचाळिसावा प्रश्न आला आणि विभावरीचे हात कीबोर्डवर थांबले. ‘देशाबाहेरची कोणी व्यक्ती मतदारयादीत शिरू शकते का?’

“नाही लिही आणि खलास,” तिचे साहेब दौलत सर म्हणाले. “पेपरवर सगळं क्लीन आहे.”

कागदोपत्री ते खरंही होतं. अमेरिकेतल्या एका छोट्या राज्याची मतदारयादी दुबईतल्या या ऑफिसात दुरुस्त व्हायची. स्वतंत्र लॉगिन मागायचं तर अर्ज, मंजुरी, शंभर भानगडी. म्हणून तिकडच्या कुणा वेंडेलचं लॉगिन हाती आलं होतं, तेच आल्यागेल्याने वापरायचं. चार वर्षं विभावरी रोज वेंडेल व्हायची. हा बाबा कोण, असतो कुठे, एकानेही विचारलं नाही. चाललंय ना, मग चालू द्या, ही आपली जुनी खोड!

आता त्या राज्याने निवडणूक यंत्रणेच्या सायबरसुरक्षेचा कायदा केला होता. कंत्राटदाराने साठ प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायची, आणि तिथल्या अधिकाऱ्याला फोनवर तोंडीही सांगायची. ‘हो’ म्हटलं की काम बंद. काम बंद की व्हिसा रद्द. तन्मयची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते, मुग्धाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात नवरा आणि मुलगी दोघंही विभावरीच्या व्हिसावर राहत होते. तिने ‘नाही’ लिहिलं.

संध्याकाळी पाचला फोन आला. तिकडे सकाळचे नऊ. लोर्ना नावाच्या अधिकारी बाई होत्या, आवाजावरून साठीच्या. एकेक प्रश्न वाचत होत्या, उत्तर ऐकून पुढे जात होत्या. त्याही दमलेल्या वाटल्या. एकेचाळिसावा आला तेव्हा समोर बसलेल्या दौलत सरांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. विभावरीकडे तेवढं उरलं नव्हतं.

“शिरू शकते,” ती म्हणाली. “मीच शिरते. रोज. वेंडेलच्या नावाने.”

दौलत सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

“मला ठाऊक आहे,” लोर्नाबाई म्हणाल्या. “म्हणजे, शिरणारा तो नाही एवढं ठाऊक आहे. वेंडेल माझा नवरा. याच ऑफिसात होता. दोन वर्षांपूर्वी गेला. मग यादीतून मेलेल्यांची नावं वगळली, त्यात त्याचंही गेलं. वगळणाऱ्याच्या रकान्यात त्याचंच नाव होतं.”

ते नाव विभावरीनेच वगळलं असणार. हजारो नावांतलं एक. तिने माफी मागितली.

“माफी कसली? लॉगिन तेव्हाच बंद करायचं होतं, आणि ते माझं काम होतं. पण रोज सकाळी स्क्रीनवर तो कामावर आलेला दिसायचा. कायदा होऊन महिना झाला. रोज त्या बटणापर्यंत जाते आणि मागे फिरते. माझ्या हातून होत नाही हो. तुम्ही तिकडून बंद कराल का?”